अंदमानचा भारद्वाज आणि मामाची मोटर

पांढुर्ण्याच्या फलाटावर मामा म्हणाला, "पक्षी पाहाले समुद्र ओलांडून चालली! आपल्या रामाकोन्याच्या संत्र्याच्या बागेत काय पक्षी नाही का वं?" म्हणाला आणि ठेचा-भाकरी, संत्र्यांची पिशवी घेऊन माझ्याआधी डब्यात चढला. त्याला जन्मात एकदा समुद्र पाहायचा होता. मला पाहायचा होता अंदमानचा भारद्वाज. आपला काळा, तांबूस पंखांचा. हा डोक्यापासून पोटापर्यंत मातकट. त्या बेटांच्या आसपास सोडला तर जगात कुठेच नाही.

मी सौसरची. वाळूउपसा असो की नळाचं गढूळ पाणी, मी आमच्या मंडळातर्फे निषेधाचं पत्रक काढते. ही सवय चेन्नईच्या विमानातही माझ्यासोबत होती.

पोर्ट ब्लेअरला उतरल्यावर पहिला संताप किनाऱ्यावरच झाला. वाळूत प्लास्टिक, त्यावर सहलीवाल्यांचा कर्णा. मामा मात्र पँट गुडघ्यापर्यंत दुमडून पाण्यात उभा. "बाप्पा! याले तर काठच नाही." जेवणात सगळीकडे मासे. माळकरी मामाने दोन दिवस भात, केळी आणि डाब (कोवळं शहाळं) यांवर काढले आणि ठेचा वाढप्यालाही चाखवला. तो पाणी पिऊन आला आणि पुन्हा मागून घेऊन गेला.

तिसऱ्या सकाळी आमचा वाटाड्या सुबीरदा आम्हाला दक्षिणेच्या जंगलात घेऊन गेला. त्याचे आईवडील बंगालमधून येऊन इथे वसलेले. आत शिरतानाच त्याने बजावलं, "दीदी, घोसले का मौसम है. फोन पर चिड़िया की आवाज़ नहीं बजाना. मेरा पास चला जाएगा." गळ्यातला वनखात्याचा पास त्याने दाखवला. त्यावरच त्याचं घर चालत होतं. मला माणूस आवडला. मामाची पिशवीही त्याने आपणहून खांद्यावर घेतली. मामा समुद्राकडे वळला आणि आम्ही दोघं झाडीत गेलो.

आणि सातच्या सुमारास तो दिसला. केवड्याच्या जाळीत, चोचीत गवताची काडी धरलेला. मी श्वास रोखला. एवढ्यात सुबीरदाच्या अंगाशीच घुमलं, हूप-हूप-हूप-हूप! पक्षी दचकला. काडी पडली आणि तो भर्रकन दिसेनासा झाला. सुबीरदाने घाईघाईने खिशातून फोन काढला, तोवर आवाज थांबला.

"बंद केलात ना आता?"

"दीदी, मैंने नहीं बजाया. माँ कसम."

"मग काय तुमच्या खिशात भारद्वाज बसलाय?"

त्याने फोन माझ्यापुढे धरला. मी पाहिलाही नाही. आम्हाला वाळूघाटावर असे पुष्कळ भेटतात, हातात फावडं आणि तोंडात 'आम्ही नाही'. वाटेत मामाला घेतलं आणि तडक दीड तासाच्या वाटेवरची वनचौकी गाठली.

चौकीतल्या वनरक्षकाने तक्रारवही पुढे सरकवली. "लिख दीजिए. साहब देखेंगे, तब तक पास यहीं जमा." सुबीरदाने पास गळ्यातून काढून टेबलावर ठेवला. मामाची पिशवी टेबलाखाली टेकवली. मी पानभर लिहिलं. 'तात्काळ' तीनदा, 'निषेध' दोनदा.

खाली सही करत होते आणि टेबलाखालून आवाज आला. हूप-हूप-हूप-हूप!

मामाने शांतपणे पिशवीत हात घातला, संत्र्यांखालून फोन काढला, बंद केला. "नऊ वाजले. मोटर बंद कराची वेळ."

"मामा, हे काय आहे?"

"गजर व्हय. सातले थ्री फेज लाईन येते, नऊले जाते. संत्र्याच्या आंबिया बहाराचं पाणी चालू आहे ना. भारद्वाज ऐकला का दिवस चांगला जाते, म्हणून पोरानं काल रातीच तोच आवाज धाडला, मी लावला. तू काऊन अशी पाहून राहिली?"

मी सांगितलं. मामाचा चेहरा उतरला. त्याने सुबीरदासमोर हात जोडले. "भाऊ, गलती माझी. ही पोरगी लिहिते पहिले, इचारते मंग."

पान फाडू द्या, असं मी वनरक्षकाला म्हटलं. वहीच्या पानांवर छापील क्रमांक होते, फाडता येत नव्हतं. मग त्याच पानाखाली लिहिलं: वरची तक्रार खोटी आहे, आवाज माझ्या मामाच्या फोनचा होता, चूक माझी. आयुष्यात एवढं छोटं काही मी लिहिलं नव्हतं. वनरक्षकाने दोनदा वाचलं, हसू दाबलं आणि पास परत सरकवला. तो सुबीरदाच्या गळ्यात पडला तेव्हा कुठे मी पेन खाली ठेवलं.

"मामाजी, अब आपका पास जमा करें?" सुबीरदा म्हणाला. मामा खळखळून हसला आणि सगळी संत्री टेबलावर ओतली.

दुपारी फोन चौकीतच ठेवून आम्ही परत गेलो. बराच वेळ काही नाही. मग मातकट डोकं वर आलं, चोचीत नवी काडी. सुबीरदाने आणि मी एकमेकांकडे पाहिलं.

घरी आले तर मंडळाच्या पोरांनी पत्रक तयार ठेवलेलं: 'तिगावचा वड तोडला!' मी विचारलं, "पाहिला कोणी?" कोणीच नाही. गाडी काढून गेले. वड उभा होता. फांद्या मात्र निर्दयपणे छाटलेल्या. मी 'तोडला' खोडून 'छाटला' केलं.

"'छाटला'नं काय आग लागते?" एकजण कुरकुरला.

"कमी लागू दे. पण उद्या कोणी झाड पाहाले गेला, तर आपल्याले मान खाली घाला लागू नये."