बॉनेट बंद असताना

मागच्या मे महिन्यातल्या बऱ्याचशा सकाळी मी आमच्याच अंगणात, एका उभ्या गाडीच्या ड्रायव्हर सीटवर बसून काढल्या. गाडी कुठे जात नव्हती. इंजिन चालू असायचं आणि मी समोरच्या छोट्या मीटरवरचा आकडा वाचायचा, एवढंच माझं काम. बॉनेट उघडं, त्यामुळे काचेतून झाड नाही, फाटक नाही, फक्त पांढरा पत्रा दिसायचा. पत्र्यामागून नवऱ्याचा आवाज यायचा.

"किती?"

"चौदा पॉइंट एक."

"आता?"

"चौदा पॉइंट एक."

"नीट पाह्य नं वं."

नीट पाहिलं तरी चौदा पॉइंट एकच असायचं. एसी लावायचा नाही, कारण लोड वाढतो. दार उघडायचं नाही, कारण आतला दिवा लागतो आणि तोही लोडच. साडेआठपर्यंत सीटचं रेक्झिन पाठीला चिकटायचं. चौतीस वर्षांच्या संसारात मी पुष्कळ ठिकाणी निमूट बसले आहे, पण तिथे निदान पंखा होता.

नवरा वीज खात्यातून निवृत्त झाला तो मोठ्या नावानिशी. कुठल्या सबस्टेशनात काय बिघडलं ते नुसतं कान देऊन ओळखतो, अशी त्याची ख्याती. निवृत्तीनंतर लोक प्लॉट घेतात, भजनी मंडळात जातात. त्याने फोर व्हील ड्राइव्ह गाडी घेतली आणि मागच्या सीटा काढून तिच्यात पलंग, फ्रिज, शेगडी आणि चार दिवे बसवले. मग तो एका क्लबात दाखल झाला. या क्लबातले सद्गृहस्थ दर रविवारी आपल्या गाड्या नाल्यात घालतात आणि एकमेकांच्या गाड्या नाल्यातून काढतात. दुपारी त्यावर भाषणं होतात.

गाडीत दोन बॅटऱ्या होत्या. पहिली गाडी सुरू करण्यासाठी, दुसरी फ्रिज आणि दिव्यांसाठी. इंजिन चालू झालं आणि पहिलीचं पोट भरत आलं, की मुठीएवढा एक रिले दोघींना जोडतो आणि दुसरीलाही चार्जिंग मिळतं. इंजिन बंद झालं की तोच रिले त्यांना वेगळं करतो, म्हणजे रात्रभर चाललेला फ्रिज पहिलीला रिकामं करत नाही. काम चालू असेपर्यंत एकत्र, काम थांबलं की आपापल्या घरी. निवृत्त जोडप्यांसाठी याहून समजूतदार नियम मी कुठे वाचलेला नाही, आणि मी पुष्कळ वाचलेलं आहे. माझी नोकरी कॉलेजच्या ग्रंथालयात होती.

बिघाड असा, की रस्त्यावर दुसरी बॅटरी चार्ज होत नव्हती. मी वाचायचे ते मीटर या दुसरीचंच: चौदाच्या वर म्हणजे चार्जिंग चालू, बाराच्या आसपास म्हणजे बंद. तासाभरावरच्या कुहीपर्यंत जाऊन यावं, तर येताना मीटर बारावर आणि फ्रिजमधलं दही आंबलेलं. घरी येऊन बॉनेट उघडावं, इंजिन चालू करावं, तर चौदा पॉइंट एक. जसं काही झालंच नाही.

"काकू, सासरी जाऊन रुसते अन् माहेरी आली का हसते, अशी गाडी आहे ही," बॅटरीवाला म्हणाला. पन्नाशीचा माणूस, स्कूटरवर हत्यारांची पेटी घेऊन यायचा. "टेन्शन नका घेऊ. पकडतोच मी तिले."

त्याने रिले बदलला. मग फ्यूज. मग जाड वायर. मग खुद्द बॅटरी. प्रत्येक वेळी बॉनेट उघडं ठेवून तो मीटर लावायचा आणि म्हणायचा, "साहेब, एक नंबर झालं काम." साहेब कुहीला जाऊन परत यायचे आणि फोन करायचे.

आता यात माझं काय अडकलं होतं, ते सांगते. जूनच्या पहिल्या रविवारी ही गाडी लडाखला निघणार होती. बेचाळीस दिवस. आम्ही दोघं. हे मला नवऱ्याने सांगितलं नाही, क्लबाने चौकात लावलेल्या फ्लेक्सने सांगितलं. त्यावर नवऱ्याचा टोपीतला फोटो होता, खाली 'सहचारिणीसह हिमालयाकडे', आणि माझा फोटो पुतण्याच्या लग्नातून कापलेला. माझ्या खांद्यावर कुणाचा तरी बांगड्या भरलेला हात तसाच राहिला होता. भाजी घेऊन येताना मी तो वाचला. भाजीवालीने अभिनंदन केलं.

मला कुठे जायचं नव्हतं असं नाही. मला घरी राहायचं होतं. लग्नानंतर या घरात दीड दिवसाहून जास्त वेळ मी कधी एकटी राहिले नव्हते. आधी सासरे होते, मग मुली, मग त्याची निवृत्ती. मीही नोकरीतून सुटले तेव्हा वाटलं होतं, आता कधीतरी घर रिकामं मिळेल. मिळाला तो साडेतीन फूट रुंदीचा पलंग, चाकांवरचा. नवऱ्याने मात्र एक गोष्ट ठाम सांगून ठेवली होती: "दुसरी बॅटरी चार्ज झाल्याबिगर मी गाडी हलवत नाही. विजेतला माणूस आहो मी." म्हणजे हिशोब सरळ होता. बिघाड सापडला तर बेचाळीस दिवस, नाही सापडला तर घर.

तो मला सापडला.

त्या सकाळी टेस्टिंग संपलं, नवऱ्याने बॉनेट धाडकन आपटलं आणि हात धुवायला मागे गेला. इंजिन बंद करणं माझ्याकडे होतं. चावीकडे हात नेताना मीटरवर नजर गेली. चौदा पॉइंट एकचा आकडा उतरत होता. तेरा. मग बारा पॉइंट आठ. मी उतरले, बॉनेट उघडलं, आत येऊन बसले. चौदा पॉइंट एक. पुन्हा जाऊन बंद केलं, या वेळी हळू, आणि आतून 'टक' असा बारीक आवाज ऐकू आला. बारा पॉइंट आठ.

तिसऱ्यांदा उघडून मी आत वाकून पाहिलं. क्लबाच्या अध्यक्षांनी मार्चमध्ये एका सोहळ्यात बॉनेटवर चकचकीत झेंड्याची दांडी बसवून दिली होती. नारळ फोडून, स्वतः ड्रिल धरून. फोटो हलला म्हणून ड्रिल पुन्हा धरून. त्या दांडीचा बोल्ट गरजेपेक्षा तीन बोटं लांब होता. बॉनेट मिटलं की त्याचं टोक नेमकं रिलेच्या बारीक काळ्या वायरवर टेकत होतं. वायरवर चण्याएवढा खड्डा पडला होता आणि तिचं रिलेवरचं टोक सैल झालं होतं, दाबलं की सुटायचं. बॉनेट उचललं की वायर वर येऊन चिकटायची. मोजायला बॉनेट उघडावंच लागतं, आणि उघडलं की मोजण्यासारखं काही उरत नाही. दोन विजेचे जाणकार दोन महिने हेच करत होते. दांडीवर संशय घ्यायचं कुणाच्या मनात आलं नाही. तिच्यासोबत शाल मिळाली होती.

मी इंजिन बंद केलं, आत गेले आणि चहा टाकला.

अकरा दिवस मी बोलले नाही. खोटा आकडा मात्र एकदाही सांगितला नाही. "किती?" विचारलं की खरं तेच सांगायची. बॉनेट बंद असताना किती, हे कुणी विचारलं नव्हतं. ग्रंथालयात तीस वर्षं हाच शिरस्ता पाळला होता: मागेल ते पुस्तक द्यायचं, दुसरं सुचवायला जायचं नाही. स्वतःची समजूत घालायला एवढं पुरत होतं. पण सीटवर बसल्यावर घाम पूर्वीपेक्षा जास्त यायला लागला.

नवऱ्याने टेस्टिंगची वही ठेवली होती. एका दुपारी तो झोपलेला असताना मी ती चाळली. एकाच तपासणीची नोंद दोनदा होती, तीन दिवसांच्या अंतराने. तेच शब्द, तेच आकडे, आणि दोन्हीकडे समोर लिहिलेलं: 'हे पहिल्यांदाच केलं.' दुसऱ्या नोंदीखाली वेगळ्या शाईत एक ओळ: 'रिले बदलला का? हिला विचारणे.'

त्याने विचारलंही. जेवताना, भातात वरण कालवत.

"रिले बदलला नं आपण?"

"बदलला. तुमच्यासमोर."

"हो नं," तो म्हणाला आणि बराच वेळ कालवतच राहिला.

दोन दिवसांनी सकाळी तो अंगणात गेला नाही. इस्त्रीचा शर्ट घालून, पिशवीत वही घेऊन खुर्चीवर बसला होता.

"कुठे?"

"धंतोलीले जाऊन येतो."

"काय झालं?"

"काही नाही. दादाले नेलं होतं नं, त्याच डॉक्टरचा नंबर लावला."

दादा म्हणजे कुहीजवळच्या गावी शेती करणारे माझे मोठे दीर. दोन वर्षांपूर्वी ते स्वतःच्या शेताच्या धुऱ्यावर उभे राहून येणाऱ्या-जाणाऱ्याला घरचा रस्ता विचारायला लागले होते. त्यांना धंतोलीच्या मेंदूच्या डॉक्टरकडे नेणं, तपासण्या करणं, सगळं नवऱ्यानेच केलं होतं.

"तुम्हाला कशाला तो डॉक्टर?"

"दोन तारा अन् एक रिले, अन् मले सापडून नाही राहिलं," तो म्हणाला. "दादाचं असंच सुरू झालं होतं. पहिले मोटरपंपचं स्टार्टर जोडता नाही आलं त्याले. तू चाल म्हणत नाही मी. बस, घरी कोणाले सांगू नको."

मी त्याच्या हातातून पिशवी काढून घेतली. "आधी गाडीत बसा," मी म्हटलं.

"आता कायले?"

"बसा. आकडा तुम्ही वाचा. पुढे मी उभी राहते."

लग्नानंतर मी त्याला इतक्या आवाजात काही सांगितल्याचं मला आठवत नाही. तो बसला. इस्त्रीच्या शर्टानिशी. त्याने इंजिन चालू केलं, मी बॉनेट उघडलं.

"किती?" मी विचारलं.

"चौदा पॉइंट एक."

मी बॉनेट बंद केलं. काचेतून त्याचा चेहरा दिसत होता. तो मीटरकडे पाहत राहिला, मग माझ्याकडे, मग दांडीकडे. इंजिन तसंच ठेवून खाली उतरला, बॉनेट उचललं, वाकला, वायरवरून बोट फिरवलं.

"च्या मायले," तो म्हणाला, अगदी हळू, आणि हसायला लागला. हसता हसता त्याने चष्मा काढला आणि शर्टाला पुसत राहिला, जरा जास्तच वेळ. "म्हणजे डोकं ठीक आहे माझं."

"डोक्याला काही झालेलं नाही."

"तुले कसं सापडलं वं?"

इथे थांबता आलं असतं. आत्ताच सापडलं म्हटलं असतं तर फ्लेक्सवर माझा दुसरा फोटो लागला असता.

"अकरा दिवसांपूर्वीच सापडलं होतं," मी म्हटलं.

त्याचं हसू लगेच गेलं नाही, चेहऱ्यावर तसंच राहून गेलं. "अन् सांगितलं नाही. काहून?"

"मला यायचं नाही. बेचाळीस दिवस त्या डब्यात नाही राहायचं. मला कुणी विचारलं नाही."

इंजिन चालू होतं. शेजारच्या गच्चीवर कुणी पापड वाळत घालत होतं, त्यांचे हात थांबले. नवऱ्याने पाना आणला, दांडीचा नट सोडवला आणि दांडी झेंड्यासकट काढून पायरीवर ठेवली. मग काळी वायर नीट कसली.

"मी आठ दिवस काय काय मनात आणलं, माहीत आहे तुले?" शेवटी तो म्हणाला. "रात्री उठून पाढे म्हणून पाह्यले मी. सतराचा."

"चुकले का?"

"नाही चुकले."

"चूक माझी आहे," मी म्हटलं. "पण यायचं तरीही नाही."

तो पायरीवर दांडीशेजारी बसला. दुसऱ्या टोकाला मी बसले. धंतोलीचा नंबर निघून गेला असावा, कारण त्याचा फोन दोनदा वाजून थांबला.

"पूर्ण नाही येत?" त्याने विचारलं. "का बिलकुलच नाही येत?"

असा प्रश्न त्याने मला चौतीस वर्षांत पहिल्यांदा विचारला होता. मी मनातल्या मनात नकाशा काढला.

"ग्वाल्हेरपर्यंत येते."

"ग्वाल्हेर? दोन दिवस तं होते फक्त! चंदीगडपर्यंत तरी चाल."

"ग्वाल्हेर."

"ग्वाल्हेरले काय आहे वं असं?"

"रेल्वे स्टेशन आहे."

तो उठून गाडीत वाकला आणि इंजिन बंद केलं.

"तिकीट आजच काढून ठेव मग," तो आतूनच म्हणाला. "त्या लाइनले वेटिंग लय राहते जूनमध्ये."