वीतभर उचललेलं ओझं

दौंडच्या रेल्वेत कोंडिबाने तीस वर्षं खलाशाचं काम केलं. नातीच्या पुस्तकात खलाशी म्हणजे जहाजावरचा माणूस. ती विचारायची, "आबा, तुम्ही समुद्र पाहिलाय?" कोंडिबाने भीमेच्या पुरापलीकडे पाणी पाहिलं नव्हतं. त्याचं खलाशीपण दोर, पहार, चेनपुली आणि खांद्याचं.

निवृत्तीनंतर जावई महेंद्रने त्याला कुरकुंभच्या एका केमिकल कारखान्यात नेलं. तीन टनांची लोखंडी टाकी वरच्या मजल्यावरून खाली घ्यायची होती. तिथला फिटर कोया केरळचा, दुबईत राबून आलेला.

"खलासी? हमारे गाँव में खलासी जहाज खींचके किनारे लाता है," तो म्हणाला. "अरबी में खलास माने छुटकारा."

मुकादम पोपट हसला. "आमच्यात खलास म्हंजी मेला! आबा, तुम्ही कोंचे?"

कोंडिबा हसला नाही. त्याचं लक्ष चेनपुलीकडे होतं. त्याची रीत ठरलेली: ओझं आधी वीतभर उचलायचं, तंबाखूचा बार संपेतो लटकत ठेवायचं, मगच हलवायचं. टाकी वीतभर उठली. बार अर्धा झाला आणि हुकाचं तोंड बोटभर फाकलं.

"खाली टेकवा. हूक बदला."

"दोनला पाळी सुटती, आबा. सायेब उभा सोलंल."

"सोलू दे."

"मग तुम्ही बसा. महेंद्र, धर साखळी. उद्या कामावर यायचंय ना?"

महेंद्रची नोकरी ठेकेदाराची. त्याने मान खाली घातली आणि साखळी धरली.

कोंडिबा जिना उतरला. टाकी जिथे टेकायची तिथे खडूचा चौकोन होता. त्याच्या मधोमध तो मांडी घालून बसला.

"आता उचला," तो खालून म्हणाला.

महेंद्रने टाकी होती तिथेच परत टेकवली आणि साखळीवरचा हात काढला. पोपट शिव्या देत राहिला. पाळी सुटली.

दुसऱ्या दिवशी महेंद्रला एकट्यालाच बोलावणं आलं. संध्याकाळी तो घरी आला तो हसतच.

"मामा, ऐकलं तुमचं. नवा हूक आणलाय. पिवळाधमक."

कोंडिबाने त्याचा हात धरून दिव्याकडे वळवला. बोटांना पिवळा रंग लागला होता. घासला तर पसरला.

"नव्या हुकाचा रंग हाताला लागत न्हाई," कोंडिबा म्हणाला. "टाकी उतरली?"

महेंद्रचं हसू गेलं होतं. तो बोटांकडेच बघत राहिला.

"उद्या सकाळी."