तोफेचा हार आणि रविवारचा उपदेश

आमच्या वस्तीत आजही सांगतात की, त्या रविवारी वेदीपुढे उभा राहून मी उपदेश विसरलो. त्याहून हुशार मंडळी म्हणतात, मला माशाच्या कालवणाने विकत घेतले. दोन्ही खोटे आहे. आणि सांगणाऱ्यांपैकी निम्मे तेव्हा पाळण्यात होते.

नागझरीच्या ओढ्यापलीकडे, श्रीमंत पेशव्यांच्या तोफखान्यात चाकरी करणाऱ्या आम्हा ख्रिस्ती लोकांची वस्ती होती. मी तोफखान्याचा कारकून. गोव्याहून आलेल्या पाद्रीबाबांना मराठी बेताचेच येई, म्हणून मिस्सेच्या प्रार्थनेनंतरचा उपदेश मी रचून सांगत असे. त्या वर्षी दसऱ्याला सारा तोफखाना तोफा पुजत असता आमच्यातल्याच एका गोलंदाजाने आपल्या तोफेला झेंडूचा हार घातला. ही मूर्तिपूजाच, म्हणून वस्ती पेटली. त्याच्या मुलीचे लग्न आमच्या ख्रिस्ती देवळात लागू द्यायचे नाही, असा हट्ट धरला गेला. माझ्या उपदेशावर ते ठरणार होते.

आठवडाभर मी शब्दांना धार लावीत होतो. जेवताना, दौत भरताना, रस्त्याने चालताना. वाक्ये उत्तम जमली होती, तरी पाय एका जागी ठरत नव्हते. शनिवारी पाद्रीबाबांना उपदेश ऐकवला. त्यांनी एवढेच विचारले, "ज्याला हा लागणार, त्याच्या घरी जेवलात का?" त्यांचा नेमच होता तो: ज्याला शब्द बोचणार, त्याचे मीठ आधी खायचे. मला तो नेम भाबडा वाटे. तरी गेलो.

गोलंदाजाने पाट मांडला. "या, कारकून. आधी जेवा, मग मारा."

"हार का घातलात?"

"कर्नाटकच्या मोहिमेत धाकटा भाऊ त्याच तोफेच्या गाड्यावर पडला. नदी उतरायची घाई होती. पुरायलासुद्धा कुणी थांबू दिले नाही." त्याने माझ्या पानात आणखी कालवण वाढले. "तुमच्या वडिलांची कबर कुठे आहे?"

"इथेच. देवळामागे."

"मग फुले कुठे न्यायची, हे तुम्हाला ठाऊक आहे."

रविवारी मी उभा राहिलो. रचलेला उपदेश अक्षरन् अक्षर पाठ होता. आजही आहे, हवा तर म्हणून दाखवतो. पण तो शत्रूवर डागायचा होता, आणि समोर शत्रू दिसेना. लोक खाकरले. मागून कुणी म्हणाले, "कारकुनांची शाई वाळली वाटते."

मग मी विचारले, "मृतांचा दिवस जवळ आला आहे. ज्यांच्या माणसांना कबर नाही, त्यांनी फुले कुठे वाहावीत?"

तोफखान्याचीच वस्ती ती. असे घर एकच नव्हते. लग्नाविरुद्ध सर्वांत मोठ्याने ओरडलेली म्हातारी पदर डोळ्यांना लावून बसली. तिचा मुलगाही मोहिमेवरून परतला नव्हता.

लग्न देवळातच लागले.

तेव्हापासून वाक्य जुळू लागले की मी उठतो, वहाणा घालतो आणि आज कुणाच्या दारी जायचे, याचा विचार करीत चालू लागतो. याला कुणास विसरणे म्हणायचे असेल, तर त्याने एकदा वेदीपुढे उभे राहून दाखवावे.