काटा नव्हता

तुम्ही त्यांना मासोळी खाताना पाहायला हवं होतं. आमच्या शेजारचे भाऊ काटे काढायला कधी तोंडात बोट घालत नसत. घास आत जाई, जीभ आपलं काम करी आणि ओठांच्या कोपऱ्यातून एकेक काटा बाहेर येई. बोलणं चालूच. "काटा लागते त ज्याले खाता येत नाई त्याले," असं म्हणत. नागभीडकडच्या आमच्या गावात तलावावर मासे धरणारे पुष्कळ होते, पण असं खाणारं कोणी नव्हतं.

त्याच भाऊंचा घास अडकू लागला. त्यांच्या बायकोने, आम्ही त्यांना बाई म्हणत असू, लगेच ठरवलं, "काटा फसला." मग कोरड्या भाताचे गोळे गिळवून झाले, केळी झाली. सगळं परत वर यायचं. तलावाच्या पाळीवर थट्टा सुरू झाली, "भाऊ, जलमभर मासोळी धरली, आता मासोळीनं तुमाले धरलं!"

भाऊ हसत नसत. "काटा नाई," एवढंच म्हणत.

चंद्रपूरच्या डॉक्टरांनी नळी घालून पाहिलं, तुकडा तपासला. अन्ननलिकेचा कॅन्सर निघाला. घरच्यांनी भाऊंना सांगितलं की काटाच आहे, नागपूरला काढतील. भाऊ हलेनात. "एका काट्यासाठी नागपूर? लोक काय म्हनतीन?"

मी तेव्हा चंद्रपूरला बी.एस्सी. करत होते. आमच्या घरातून कॉलेजात गेलेली पहिलीच. सुटीत आले तर बाईंनी बजावलं, "तू बी काटाच सांगजो, पोरी." मी हो म्हटलं. खरं सांगितलं तर ते खचतील, नाही सांगितलं तर जाणार नाहीत. काय बरोबर, ते मला कळेना.

भाऊ फाटलं जाळं शिवत होते. "तू शिकून राह्यली. काटा आहे का?"

"नाही," माझ्या तोंडून निघून गेलं.

"मंग?"

मी आजाराचं नाव सांगितलं आणि घाबरून वर्गात नुकतंच ऐकलेलं सगळं बोलत सुटले. पेशीत काही आरएनए असे असतात की त्यांच्यापासून प्रथिन बनत नाही, पण बाकीच्यांनी किती बनवायचं ते आवरतात. या कॅन्सरमध्ये त्यांतले काही फार वाढतात, काही कमी होतात.

"मंग आधी कोन बिघडते? ते, का गाठ?"

"सर म्हणाले, अजून नक्की माहीत नाही."

भाऊंनी जाळं बाजूला ठेवलं. मग आत ओरडले, "पिशवी भर व! नागपूरले जातो. काटा नाई म्हनते हे पोरगी!"

बाईंनी माझ्याकडे पाहिलं. तो राग होता की सुटका, मला अजून ठरवता येत नाही.

नागपूरच्या छोट्या, अरुंद रुळांच्या गाडीत मीही सोबत होते. कोणी विचारो न विचारो, भाऊ सांगत होते, "मले कॅन्सर आहे. काटा नाई."

उपचारांनी पातळ पेज गळ्याखाली उतरू लागली, पण ती काही महिनेच. ते गेले त्याआधी मी त्यांना शेवटचं भेटले तेव्हा त्यांचा आवाज पार बसला होता.

"तुह्या सरले समजलं का, आधी कोन?"

"नाही, भाऊ."

त्यांनी बाईंकडे मान वळवली. डोळे हसत होते. "पाह्य. येवढ्या शिकलेल्यायले समजत नाई. अन् तुले पयल्याच दिवशी समजलं व्हतं, काटा फसला म्हनून!"

बाईंनी पेजेचा चमचा त्यांच्या ओठाशी नेला. "बोलू नका," त्या म्हणाल्या. "गिळा."