साचा फोडायच्या आधी

माझे वडील, आबा, चौथी शिकलेले. उचगावातून सायकलवरून लोखंड ओतायच्या फाउंड्रीत जायचे आणि दिवसभर वाळूचे साचे भरायचे. संध्याकाळी घरी आले, की न्हाणीत तोंडावरची काळी भुकटी धुता धुता आतूनच विचारायचे, "आज काय शिकवलं?" मी पाचवीत गेले तेव्हापासून हे चालू होतं. मी न्हाणीच्या दाराशी बसून सांगायची. झाड अन्न कसं बनवतं, लोखंड कशानं गंजतं, चंद्र खाली का पडत नाही. सांगताना अडखळले, की आतून आवाज यायचा, "तुलाच कळल्यालं न्हाय. उद्या परत इचारून ये."

मी विचारून यायची. बाईंना वाटायचं, पोरगी फार चौकस आहे. खरं म्हणजे मला संध्याकाळी उत्तर द्यायचं असायचं. आमच्या घरातून कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली, आणि एम.एस्सी.पर्यंत पोचले ती त्या प्रश्नामुळं. आजही हे उपकार मोजायला बसले, तर आधी ती न्हाणीच आठवते.

नव्वदच्या दशकातली ती वर्षं. फिजिक्सला क्वांटमचा पेपर सुरू झाला आणि सांगायला अवघड व्हायला लागलं. तरी इलेक्ट्रॉनचा प्रयोग मी आबांना सांगितला. दोन बारीक फटी, त्यावर एकेक इलेक्ट्रॉन सोडायचा. पलीकडच्या पडद्यावर हळूहळू पट्टे उमटतात, जणू एकच इलेक्ट्रॉन दोन्ही फटींतून गेला. पण कुठल्या फटीतून गेला हे टिपायला यंत्र लावलं, की पट्टे गायब.

आबा टॉवेलनं कान पुसत बाहेर आले. "लाजतंय व्हय बघितल्यावर?"

त्यावर आई, मी, ते, सगळे हसलो. पुढं कितीतरी दिवस मी जेवायला उशीर केला, की आबा म्हणायचे, "बघू नका रं तिच्याकडं, दोन्ही दारांतनं येईल."

त्याच सुमारास कोल्हापुरात एका व्याख्यानाला गेले. बाहेरगावचे वक्ते होते, बोलणं मोठं झोकदार. आधुनिक विज्ञान आता आपल्या पूर्वजांपाशी येऊन पोचलं आहे, म्हणाले. आपण बघेपर्यंत वस्तू नसतेच, जग ही माया आहे, हे क्वांटमनं सिद्ध केलं आहे. सभागृहानं टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या. गणितं सोडवताना रडकुंडीला आणणारा माझा पेपर एकाएकी फार थोर वाटायला लागला.

पुढच्या रविवारी गावच्या बुद्धविहारात वंदना झाल्यावर थोरल्या मंडळींनी मला उभं केलं. पोरगी एवढी शिकली, दोन शब्द सांगू दे. आबांनी फाउंड्रीतले दोघे सोबती मुद्दाम बोलावून आणले होते. मी व्याख्यानातलं जसंच्या तसं सांगितलं. बघणारा नसेल तर वस्तू नाही, सगळा भास आहे. लोकांनी टाळ्या दिल्या. आबांचे हात मांडीवरच राहिले.

घराकडं येताना ते म्हणाले, "साच्यात लोखंड वतलं. थंड झालं. आत ब्लो होल ऱ्हायला, हवेची पोकळी. साचा फोडायच्या आधी ती पोकळी हाय का न्हाय?"

"आबा, तसं सांगता येत नाही. बघेपर्यंत..."

"हाय का न्हाय?"

त्यांनी बाही वर केली. कोपरापासून मनगटापर्यंत भाजल्याचा जुना, चकचकीत डाग. "ह्ये भाजलं तवा माझं तोंड तिकडं हुतं. बघितलं न्हवतं मी. तरी भाजलं."

थोडं चालून परत थांबले. "माझ्या बापाला हिरीवर पाण्याला शिवू दिलं न्हाय. ती बी मायाच काय? बुद्धानं दुःख हाय म्हटलं, बाय. दुःख भास हाय, असं न्हाय म्हटलं."

तेव्हा मी म्हणाले, "आबा, हे तुम्हाला नाही कळणार."

ते रागावले नाहीत. दुसऱ्या दिवशी कामावरून आले, न्हाणीत गेले. मी दाराशी जाऊन बसले. आतून नुसता पाण्याचा आवाज येत होता. बाहेर येऊन म्हणाले, "च्या घेतलास का?" पुन्हा कधी त्यांनी शिकवण्याबद्दल विचारलं नाही. माझा निकाल लागला तेव्हा गल्लीभर पेढे वाटले, लग्नात माझ्याआधी रडले. प्रश्न तेवढा बंद झाला. मीही आपण होऊन सांगितलं नाही. मला वाटायचं, बरोबर मीच आहे.

पुढं नोकरी वारणानगरला लागली. दोन हजार साल उलटून गेलं होतं. तोच प्रयोग मी वर्गात शिकवत होते आणि पुढच्या बाकावरच्या एका मुलीनं विचारलं, "मॅडम, यंत्र चालू ठेवून सगळेच खोलीबाहेर गेलो, तर पट्टे दिसतील का?"

"नाही दिसणार," मी म्हणाले. "माणूस असण्या-नसण्याशी संबंध नाही. कशावर तरी खूण उमटली, की झालं. प्रकाशाचा एक कणही पुरतो."

बोलले आणि हातातला खडू तसाच राहिला. भौतिकशास्त्रात बघणं म्हणजे डोळ्यांनी बघणं नव्हेच. साच्यातल्या लोखंडावर वाळू, उष्णता, अडकलेली हवा अखंड आदळत असते, खुणा उमटत असतात. ती पोकळी साचा फोडायच्या आधीही असते. एकट्या इलेक्ट्रॉनचं तसं नाही, त्याची वाट खरोखरच आधी ठरलेली दिसत नाही. पण ठरलेली नसणं वेगळं आणि भास असणं वेगळं. हे मला पुस्तकातून ठाऊक होतं, परीक्षेत लिहिलंही होतं. आबांना सांगायचं राहिलं होतं.

त्या रविवारी उचगावला गेले. आबा निवृत्त झाले होते आणि फाउंड्रीच्या आवाजानं त्यांचे कान गेले होते. अंगणात त्यांच्यासमोर बसून मी ओरडून सांगायला लागले, "आबा, त्यो ब्लो होल आधीच असतोय! तुमचं बरोबर हुतं!"

भिंतीपलीकडून शेजारच्या काकूंनी डोकं वर काढलं. "काय गं भांडताय बापलेकी?"

"भांडत न्हाय काकू, फिजिक्स सांगतोय!" मी म्हणाले.

"सांगतीया कसलं," आई म्हणाली, "सगळी गल्ली पास करणार आज."

आबा माझ्या ओठांकडं बघत होते. मी सगळं दोनदा सांगितलं. मग म्हणाले, "म्हंजे भाजल्यालं खरं."

"व्हय."

"आन बघाय माणूस लागत न्हाय."

"न्हाय. मी चुकीचं सांगितलं आबा. आन तुमास्नी कळणार न्हाय म्हटलं, ते त्याहून चुकीचं."

ते भाजल्याच्या डागावरून हात फिरवत राहिले. मला वाटलं, ऐकूच गेलं नाही. मग त्यांनी विचारलं, "त्या इलेक्ट्रॉननं हिकडं उमटायचं का तिकडं, ते ठरवतंय कोण?"

"ठाऊक न्हाय!"

"तुला, का कुणालाच?"

"कुणालाच! मोठीमोठी माणसं अजून भांडत्यात!"

आबा मोठ्यानं हसले. "मग येवढी वर्सं पगार कशाचा घेतीस गं?"

त्यानंतर असे चार रविवार मिळाले. पाचव्याच्या आधी ते गेले. न विचारता गेलेल्या वर्षांत मी किती काय शिकले होते, मेलेल्या ताऱ्यांबद्दल, प्रकाशाच्या वेगाबद्दल. त्यातलं थोडंच त्यांच्या कानाशी ओरडून झालं. बाकीचं माझ्याकडं तसंच आहे. संध्याकाळी घरी आले, की अजूनही काहीतरी सांगायचं असतं, आणि हातपाय धुवून मी उगाच जरा वेळ उभी राहते.

रजा संपवून कॉलेजात गेले, तेव्हा स्टाफरूममधल्या एका सरांनी आबांचं ऐकून समजूत घातली. मनानं फार चांगला माणूस. म्हणाले, "मॅडम, तुम्ही तर क्वांटम शिकवता. शेवटी सगळा भासच असतो हो."

"न्हाय हो सर," मी म्हणाले. "होते ते."

आणि हजेरीपट घेऊन वर्गावर गेले.