मी जिवंत आहे, दार वाजवू नका

दाराची कडी निखळून पडली तेव्हा मी एकतिसाव्या प्रश्नावर होते. दार धाडकन भिंतीवर आदळलं. शेजारच्या शेवंताकाकू आत घुसल्या आणि त्यांनी मला खुर्चीसकट मिठी मारली. मागे चक्कीवाला रमेशभाऊ, अंगभर पीठ, हातात सब्बल, म्हणजे लोखंडी पहार.

"हाये व माय, हाये! श्वास हाये!" काकू ओरडल्या.

लॅपटॉपच्या स्क्रीनवर एक चौकोन उघडला. खोलीत दुसरी व्यक्ती आढळल्यामुळे परीक्षा थांबवण्यात येत आहे, एवढंच त्यात इंग्रजीत लिहिलं होतं. मग स्क्रीन पांढरी झाली.

ही परीक्षा नेटवर्किंगच्या सर्टिफिकेटची होती. नेटवर्किंग म्हणजे कॉम्प्युटर एकमेकांना जोडणं आणि जोडलेले ठेवणं. परीक्षा घरून देता येते, पण अटी कडक. खोलीत तुम्ही एकटे हवे. दार बंद हवं. कुणाचा आवाज येता कामा नये. दूर कुठल्यातरी शहरात बसलेला प्रॉक्टर, म्हणजे पर्यवेक्षक, कॅमेऱ्यातून तुमच्यावर नजर ठेवून असतो. अटी लिहिणाऱ्याने आमचं गाव, मेडशी, पाहिलेलं नव्हतं.

आमच्या गल्लीत दिवसा दाराच्या दोनच अवस्था. उघडं, किंवा बाहेरून कुलूप. कुलूप म्हणजे माणसं पुण्याला गेली. अशी घरं आता बरीच आहेत. पण बाहेर कुलूप नाही आणि आतून कडी, असं भरदुपारी दिसलं तर लोक एकच अर्थ काढतात. त्यात मी घरी एकटी. बापू, म्हणजे माझे वडील, दोन वर्षांपूर्वी वारले. आई भावाकडे पुण्याला, त्याच्या बाळासाठी. जाताना तिनं काकूंना सांगितलं होतं, पोरीवर ध्यान ठेवजो.

"काकू, पेपर गेला माया," मी म्हणाले.

"पेपर गेला तं दुसरा येईन," काकू म्हणाल्या. त्यांनी मला अजून सोडलं नव्हतं. "तू गेली असती तं? तुया मायले मी काय तोंड दाखवलं असतं?"

रमेशभाऊ कडीचे स्क्रू गोळा करत होता. माझा राग गिळून मी त्याला डबी दिली.

रागाचं कारण होतं. एका कंपनीनं मला सपोर्ट इंजिनियरचं काम देऊ केलं होतं, घरून करायचं. अट एकच. दिवाळीच्या आत सर्टिफिकेट. आईचीही एकच अट. "नाही भेटलं तं घराले कुलूप लाव अन् इकडे ये." माझ्या वर्गातली सगळी पुण्याला गेली. मी नाही गेले. पोट भरायला गाव सोडावंच लागतं हे मला मान्य नाही. तारा आमच्या गावापर्यंत आल्या आहेत, मग कामानं का येऊ नये? पण तत्त्व सांगून सर्टिफिकेट मिळत नाही. शहरातल्या सेंटरवरच्या तारखा दिवाळीनंतरच्या होत्या. घरून देण्याची एक तारीख शिल्लक होती आणि ती ऐन सोयाबीनच्या हंगामात होती.

तेव्हा मी शेतकऱ्यांच्या एका कंपनीच्या गोदामात कॉम्प्युटर सांभाळत होते. गोदाम आमच्या तालुक्याच्या, मालेगावच्या रस्त्यावर. वजनकाट्याचा कॉम्प्युटर, पावत्यांचा प्रिंटर, कॅमेरे, वायफाय, सगळं माझ्याकडे. हंगामात ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या रस्त्यापर्यंत लागतात. पहिल्या परीक्षेला मी जसातसा अभ्यास केला होता. आता पुन्हा सगळं घोटायचं आणि वेळ आधीपेक्षा कमी.

मी टाइमटेबल बनवलं. पहाटे दोन तास, ऑफिसनंतर तीन तास, रविवारी पूर्ण दिवस. ते जाहीरनाम्यासारखं झालं. वाचायला जोरदार, अंमलबजावणी शून्य. पहाटे नळ येतो. ऑफिसनंतर डोळे मिटतात. रविवारी गोदाम चालू.

मग लक्षात आलं की हीच चूक नेट वापरणारे करतात. नेट हळू चालतं म्हटलं की ते मोठं कनेक्शन मागतात. नेटवर्कवाला म्हणतो, थांबा, आधी ट्रॅफिक बघू. तारेतून केव्हा काय जातं ते मोजायचं, मग बोलायचं. मी एक आठवडा स्वतःच्या दिवसाचं ट्रॅफिक पाहिलं. काही बदललं नाही, फक्त पाहिलं. एसटीतला वेळ रिकामा होता, पण हलता. दुपारी जेवणानंतर डोकं सगळ्यात ताजं असायचं आणि नेमका तेव्हाच दिगंबरभाऊंचा फोन यायचा. दिगंबरभाऊ म्हणजे आमचे चेअरमन.

त्याप्रमाणे विषय वाटले. तुटक वेळेला तुटक विषय. पाठांतराचं सगळं एसटीत. खिडकीला डोकं टेकवून मी मनात आकडे म्हणायचे आणि शेजारची बाई समजायची की पोरगी जप करते आहे. ताज्या वेळेला मात्र सबनेटिंग. हा या परीक्षेतला सगळ्यात चिवट भाग. एका मोठ्या नेटवर्कचे लहान तुकडे पाडायचे. एका वावरात धुरे, म्हणजे बांध, घालून चार भावांच्या वाटण्या कराव्यात तसं. फरक इतकाच की इथे कुणी धुरा कोरत नाही. त्यासाठी मला दुपारचा सलग तास हवा होता.

"भाऊ, जेवणाच्या बादचा एक तास माया," मी चेअरमनना सांगितलं. "त्या तासात फोन करायचा नाही."

"अन् काटा बंद पडला तं?"

"काटा बंद पडत नाही, कॉम्प्युटर पडते. वजन काट्यावर दिसतेच. हातानं लिहा."

"हातानं! मॅडम, ट्रॉलीवाले मले फाडून खातीन."

"जेवायची सुट्टी कायद्यात आहे, भाऊ. आजवर मी घेतली नाही. आता घेऊन राह्यली."

त्यांनी चष्मा काढला. "तू बापावर गेली. त्यानं डेपो बंद पाडला होता, तू गोदाम बंद पाडशीन."

"बापूनं डेपो बंद नव्हता पाडला. जेवायची सुट्टी चालू केली होती."

बापू एसटीच्या डेपोत मेकॅनिक होते आणि युनियनचं कामही करायचे. आमच्या घरात गोष्टींची पुस्तकं कमी आणि पत्रकांचे गठ्ठे जास्त. मी अक्षरओळख पत्रकांवर केली. 'कामगार बंधूंनो' हे मला 'कमळ'च्या आधी वाचता यायचं. त्यातून एक गोष्ट डोक्यात पक्की बसली. वेळ मागायचा तो खाली मान घालून मागायचा नाही. अभ्यासाचा वेळ ही कुणाची मेहरबानी नाही.

पहिल्या दिवशी त्या तासात फोन वाजतच राहिला. मी उचलला नाही. दुसऱ्या दिवशी भाऊ स्वतः आले, काचेतून बघितलं आणि गेले. तिसऱ्या दिवशी बाहेर त्यांचाच आवाज आला. "मॅडमचं चालू हाये, लिवा हातानं." तो तास मला मिळाला.

पण त्या तासात विचारावं असं कुणी नव्हतं. ही परीक्षा देणारं दुसरं माणूस आमच्या तालुक्यात असलं तरी मला माहीत नव्हतं. गणित चुकलं तर चूक मीच शोधायची. बरोबर आलं तर शाबासकीही मीच द्यायची. दोन्हीचा कंटाळा आला. एकदा मी सबनेटिंग शेवंताकाकूंना समजावलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "मंग वाटणी झाल्यावर भाऊ बोलतेत का एकमेकासंगं?" त्याला राउटर लागतो, मी म्हणाले. राउटर म्हणजे दोन नेटवर्कमधला निरोप्या. काकू म्हणाल्या, "तं मंग ठीक हाये."

रोज संध्याकाळी त्या यायच्या. काम ठरलेलं. त्यांचा मुलगा संतोष पुण्याला कारखान्यात आहे, त्याला व्हिडिओ कॉल लावून द्यायचा. मग त्या अर्धा तास बसायच्या आणि मला भाजी वाढायच्या. माझ्या मोजणीत हाही वेळ आला होता. तो मी टाइमटेबलमध्ये तसाच ठेवला.

परीक्षेचा दिवस जवळ आला. अभ्यास जमला होता, प्रश्न दाराचा होता. एकट्या काकूंना सांगून भागणार नव्हतं. चक्कीवर येणारे, दूधवाला, कुणीही कडी पाहिली की घाबरणार. सगळ्यांना एकदम सांगण्याची एकच रीत मला येत होती. मी ऑफिसच्या प्रिंटरवर पत्रक काढलं.

"जाहीर निवेदन. बंधू-भगिनींनो, सोमवारी दुपारी माझं दार आतून बंद असेल. मी आत परीक्षा देत असेन. कृपया गल्लीत शांतता ठेवावी. मी जिवंत आहे, दार वाजवू नका."

खळ बापूंच्या रीतीनं केली. मैदा शिजवायचा आणि त्यात चिमूटभर मोरचूद. म्हणजे किडे लागत नाहीत आणि बकऱ्या कागद खात नाहीत. ब्रशही बापूंचाच. एक पत्रक चक्कीवर, एक बसस्टॉपवर, एक माझ्या दारावर.

"ग्रामपंचायतले उभी राह्यली का व वैशू?" रमेशभाऊनं विचारलं.

"चिन्ह कडी," मी म्हणाले.

सोमवारी मी कडी लावली. कॅमेरा फिरवून प्रॉक्टरला खोली दाखवली. परीक्षा सुरू झाली आणि गल्ली बंद झाली. चक्की थांबली. हातपंपाचा दांडा थांबला. कुणी कुणाला हाक मारली नाही. एवढी शांत मेडशी मी आयुष्यात ऐकली नव्हती. अर्ध्या पेपरात मला वाटून गेलं की सगळी घरं कुलूप लावून गेली आहेत आणि मी एकटीच राहिले आहे. बाहेर कुणीतरी खोकलं असतं तर बरं वाटलं असतं. पण नियम मीच लावला होता. मी खाली बघितलं आणि वावराचे तुकडे पाडत राहिले.

निकाल लगेच येतो. पास.

मी कडी काढली आणि बाहेर धावले. ओट्यावर कुणी नव्हतं. काकूंच्या दारात कुणी नव्हतं. माझ्या पेपरात आवाज नको म्हणून बायका पोरं घेऊन वावरात गेल्या होत्या. रमेशभाऊ चक्की बंद करून मालेगावला. गल्लीत एक कुत्रं होतं, तेही झोपलेलं. आईला फोन लावला. तिनं हळूच सांगितलं, बाळ आत्ताच झोपलं, मागून करते. मग मी ओट्यावर बसले आणि वाट पाहिली.

काम मिळालं. घराला कुलूप लागलं नाही. आता माझी शिफ्ट असते. कानाला हेडफोन, समोर दोन स्क्रीन. कुठल्याकुठल्या शहरातल्या लोकांचं बंद पडलेलं मी मेडशीतून चालू करून देते. ग्राहकाला कोंबडा ऐकू जाऊ नये म्हणून कडी आतून. बाहेरून पाहणाऱ्याला आमच्या घरात आणि कुलूप लागलेल्या घरात फार फरक दिसत नसेल.

काही आठवडे गेल्यावर लक्षात आलं की संध्याकाळी कुणी येत नाही. शिफ्ट संपून कडी काढली की उंबऱ्यावर झाकलेली वाटी असायची. भाजी गार झालेली. एका सुट्टीच्या दिवशी मी दाराआड थांबले आणि वाटी ठेवतानाच काकूंना गाठलं.

"काकू, आवाज काहून नाही देत?"

"लिवलं हाये न." त्यांनी दारावर बोट ठेवलं. "मले वाचता येत नाही. रमेशनं वाचून दाखोलं."

"पेपर तं कवाच झाला."

"कागद तं हाये अजून."

"अन् संतोषचा फोन?"

"रमेश लावून देते." त्यांनी वाटीवरचं झाकण नीट केलं. "तुयं कामाचं राह्यते. आपण अडाणी माणसं, कायले मधात या."

एवढं बोलून त्या गेल्या. मी उलथनं आणून पत्रक खरवडायला बसले. मोरचुदाची खळ. कडा निघाल्या, मधला भाग लाकडाला धरून राहिला. बापूंची पत्रकं डेपोच्या भिंतीवर ते गेल्यावरही होती, हे मला माहीत असायला हवं होतं.

माझ्या धंद्यात फायरवॉल नावाची चीज आहे. नेटवर्कच्या दारावरचा पहारेकरी. कुणाला आत सोडायचं आणि कुणाला नाही याचे नियम त्याला द्यायचे. कधीकधी दुरुस्तीपुरतं सगळ्यांना अडवावं लागतं. दुरुस्ती होते, माणूस नियम काढायला विसरतो आणि महिन्यांनी कुणीतरी विचारतं की अमक्याचा काहीच पत्ता का नाही. पहारेकऱ्याला विचारलं तर तो म्हणतो, तुम्हीच सांगितलं होतं. म्हणून तात्पुरता नियम लावताना त्याच ओळीत तो कधी संपणार तेही लिहावं. मी लिहिते. टीममध्ये सगळे हसतात, पण मी लिहिते.

आणखी एक. नियम काढला म्हणून तुटलेलं कनेक्शन आपोआप जोडलं जात नाही. कुणीतरी एकानं पुन्हा हाक घालावी लागते. म्हणून शिफ्ट संपली की मीच वाटी धुऊन काकूंकडे जाते. त्यांचं दार उघडंच असतं. संतोषला फोन लावून देते, अर्धा तास बसते, त्या वाढतात.

माझं दार त्यांनी अजून वाजवलेलं नाही.