मापाची पँट

माझा भाऊ माणसाच्या तोंडाकडे बघतच नाही, पँटीकडे बघतो. समोरचा नमस्कार करतोय आणि याची नजर त्याच्या गुडघ्यावर, तिथे झोळ का पडला म्हणून. पन्नाशी उलटली, लग्न केलं नाही, सगळा जन्म पुरुषांचे कपडे शिवण्यात गेला. गिऱ्हाईकं त्याला मास्तर म्हणतात. मी थोरली बहीण, दुकानात मागे बसून काज-बटणं करते. हजारदा सांगितलं, बाबा रे, लोकांना असं न्याहाळू नये. ऐकेल तर शपथ.

एकदा दुपारी दुकानात येताना हा बागेजवळच्या सार्वजनिक मुतारीत गेला. तिथे बेसिनपाशी एक तरणाबांड पोरगा उगाच उभा होता. त्याची पँट म्हणे मागे कमरेत सैल पडत होती. मग काय, आमच्या मास्तरांनी त्याला वरपासून खालपर्यंत बघून घेतलं. पोरगा हसला, हाही हसला. काय बघताय, असं त्याने विचारलं, तर यांनी दुकानाचा पत्ता दिला आणि वर सांगितलं, दुपारी या, तेव्हा गर्दी नसते.

पोरगा साध्या वेशातला पोलीस निघाला. पुरुषांवर नजर टाकणारे पुरुष पकडायला साहेबांनीच त्याला तिथे उभा केला होता. गावभर चोर मोकाट, आणि हे मुतारीत हसत उभे राहणार, त्याचा पगार घेणार! दंडाला धरून भावाला चौकीत नेलं. मी धावत गेले तर साहेब मलाच विचारतात, याने लग्न का नाही केलं. मी म्हटलं, तुम्ही केलंत ना, मग झालं.

हे सगळं मला भावाने सांगितलं तसं सांगतेय. त्याच्या मनात दुसरं काही होतं का, ते मी विचारलं नाही. आणि असलं तरी कुणाचं काय गेलं? कोर्टाने पुराव्याअभावी सोडून दिलं. पण सुटल्याची बातमी कोण छापतो? पकडल्याची मात्र छापली होती, दुकानाच्या नावासकट.

गिऱ्हाईकं एकदम तुटली असती तरी परवडलं असतं. ती येत राहिली, पण प्रत्येकाच्या पिशवीत जुनी पँट. मास्तर, याच मापाने शिवा, जरा घाईत आहे. वर्षानुवर्षं हात पसरून, घरच्या कटकटी सांगत माप देणारे हे लोक! आता गल्ल्याच्या अलीकडे पाऊल टाकेनात. भाऊ मुकाट्याने पँट टेबलावर पसरायचा आणि कापडावर टेप लावायचा. पण माणूस सुटतो, वाळतो, जुनी पँट थोडीच सांगते? फिटिंग बिघडायला लागली, तक्रारी यायला लागल्या. असंच चाललं तर दुकानाला कुलूप लागणार, हे आम्हा दोघांनाही दिसत होतं.

त्यात माझा नवरा. मास्तरांवर माझा पूर्ण विश्वास आहे, असं घरात बसून सगळ्यांना ऐकवणारा. निवृत्तीच्या समारंभासाठी पँट हवी, म्हणून त्याने माझ्या पिशवीत नवं कापड ठेवलं आणि खाली, घडी करून, जुनी पँट. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. "अहो, ही पँट मांडीच्या वर तरी चढते का तुम्हाला?" लोक बघतात गं, एवढंच पुटपुटला. मी त्याच्याशी बोलणंच टाकलं.

शेवटी आला. दुकानात चारपाच गिऱ्हाईकं असतानाच आला. आरशासमोर उभा राहिला, हात पसरले, पोट आत घेतलं आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "मास्तर, माप घ्या." लग्नानंतर पहिल्यांदा मला या माणसाचा एवढा अभिमान वाटला.

भावाने गळ्यातला टेप काढला. जवळ आला. टेप कमरेभोवती न्यायला हात पुढे केले आणि ते तिथेच थांबले. त्याने टेप बोटाभोवती गुंडाळला, एक पाऊल मागे सरकला.

"भाऊजी," तो म्हणाला, "जुनी एखादी असेल तर पाठवून द्या ताईबरोबर. तेच बरं पडतं."

नवरा हात पसरून तसाच उभा. खाली घ्या आता, असं शेवटी मलाच त्याला सांगावं लागलं.